दगडावर चढणारी बिनतारी गाडी

वेगवान् गाडीचें कौतुक सर्वांनाच असतें. पण मुद्दाम सावकाश चालावी म्हणून बांधलेली गाडी क्वचितच कोणाच्या पाहण्यांत येते. ‘रॉक क्रॉलर’ या नांवानें ओळखली जाणारी बिनतारी गाडी अशांपैकींच होय. माणसाच्या चालीनें चालावयाचें, परंतु वाटेंत आपल्या चाकाएवढा धोंडा आला तरी त्यावरून पलीकडे जावयाचें, एवढेंच तिचें काम. आमच्या मानवतच्या घरांतील दोन मुलांनीं गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत सुटे भाग आणवून अशी एक गाडी जुळविली. ती जुळवितांना, व विशेषतः ती बिघडल्यावर, जें कांहीं समजलें तें वाचकांच्या घरांतील मुलांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

मानवत हें कापसाच्या पेठेचें गांव. भोवतालची जमीन काळी व भारी. पण त्या मातीखालीं काळा पाषाण आहे, आणि विहीर खणली कीं त्याचे ढीग कांठावर पडून राहतात. शेतकऱ्याला अडचणीचे हे ढीग या गाडीला मात्र उत्तम क्रीडांगण ठरले. उणीव एकच. या छंदाचें सामान गांवांत मिळत नाहीं. प्रत्येक भाग पुण्या-मुंबईहून मागवावा लागतो. निदान चुकलें तर पैसे जातात आणि आठ दिवसही जातात. शिवाय घरांतील वडील मंडळींनीं आधींच बजावलें होतें कीं, ठरलेल्या रकमेवर एक रुपयाही अधिक मिळावयाचा नाहीं. गाडी उभी राहिली तेव्हां शिलकेंत एखादाच भाग येण्याजोगे पैसे उरले होते.

तारेवांचून वाहन हांकण्याची कल्पना नवी नव्हे. १८९८ सालीं निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्क येथें मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें एक लहानशी नौका अशा रीतीनें चालवून दाखविली. त्याच्या कांहीं वर्षें आधीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं बिनतारी लहरींनीं दूरची घंटा वाजविली होती व बंदुकीची दारू पेटविली होती. आपल्या महाराष्ट्रांत, पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळेनें ‘दक्ष’ नांवाचें यंत्र तयार केलें आहे. तें जिने चढतें आणि स्फोटकें हाताळतें, म्हणजे जेथें माणसानें जाऊं नये तेथें जातें. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चंद्रावर उतरलेली २६ किलोंची ‘प्रज्ञान’ तर सेकंदाला अवघा १ सेंटिमीटर चाले. समोर ३ मीटरांवर ४ मीटर व्यासाचें विवर दिसतांच तिला आल्या वाटेनें परत फिरविण्यांत आलें. सावकाश चालणाऱ्यास थांबतांही येतें.

आतां गाडीच्या रचनेकडे वळूं. विजेची मोटार मिनिटाला समजा १२,००० फेरे घेते. गिअरांच्या योगानें ते ४० पटींनीं कमी केले म्हणजे चाकाला ३०० फेरे उरतात. चाकाचा व्यास ११ सेंटिमीटर धरल्यास गाडी तासाला सुमारें ६ किलोमीटर जाते. गमावलेला वेग चाकाच्या जोरांत उतरतो. रस्त्यावरील मोटारींत वळतांना बाहेरचें चाक अधिक व आंतलें कमी फिरावें म्हणून डिफरन्शिअल असतें. परंतु दगडावर एक चाक अधांतरी राहिलें कीं तें वाऱ्यावर गरगरतें आणि जमिनीवरचें चाक स्वस्थ बसतें. म्हणून या गाडींत दोन्ही बाजूंचीं चाकें एका आंसाला जखडून टाकतात. वळावयास जागा जास्त लागते, तो तोटा पत्करावा. टायर मऊ असून आंत हवेऐवजीं स्पंज असतो, त्यामुळें तो दगडाला कवटाळतो. वजन होईल तितकें खालीं आणि निम्म्याहून थोडें अधिक पुढच्या आंसावर ठेवावें, नाहींतर चढावर गाडी उताणी पडते. पुढील चाकांत पितळी कडीं बसवितात तीं याचसाठीं.

गाडीनें चवथ्या दिवशीं एक विचित्र खोड दाखविली. सपाटीवर ती बिनतक्रार चाले; पण पुढचें चाक फटींत अडकलें असतां तें वळवूं गेलें कीं सर्व कांहीं निपचित पडे, आणि दोन-तीन सेकंदांनीं आपोआप जिवंत होई. जेथून भाग आणविले तेथून फोनवर सल्ला मिळाला कीं रिसीव्हर बदला. आमच्या वडील बंधूंस बॅटरीचा संशय आला. त्यांचा थोरला मुलगा मात्र अडून बसला. “अण्णा, आधीं कारण तर सांपडूं द्या, पैसे मग पाठवूं.”

गाडी पाटावर उचलून ठेवली, चाकें अधांतरी राहिलीं, आणि तेंच वळण दिलें. कांहींच बिघडलें नाहीं. नंतर मोटारीच्या तारा सोडवून ठेवल्या, धाकट्यानें पुढचें चाक हातानें घट्ट दाबून धरलें व थोरल्यानें पुन्हां वळण दिलें. तत्क्षणीं रिसीव्हरचा दिवा विझला! म्हणजे चालविणाऱ्या मोटारीचा यांत संबंध नव्हता. बॅटरीवर मीटर लावला तर ७.९ व्होल्ट, चाक दाबून धरतांना तो आंकडा जेमतेम एक-दोन दशांश उतरला. रिसीव्हरच्या तारेवर लावला तर ६ चा आंकडा एकदम घसरला. बॅटरी निर्दोष ठरली, आणि रिसीव्हर वीज न मिळाल्यानें बंद पडतो हें उघड झालें. दोष त्या दोहोंच्या मध्यें होता.

चाक वळविणारी सर्व्हो ही स्वतः एक लहानशी मोटार होय. ती अडली कीं तिला ३ अँपिअरांहून अधिक प्रवाह लागतो. परंतु मोटारीचा वेग राखणाऱ्या ईएससीमधून या दोघांसाठीं निघणारा प्रवाह २ अँपिअरांचाच होता. एकाच तांब्यावर दोघांची तहान. सर्व्हो मोठा घोट घेई व रिसीव्हर कोरडा राही. शिलकेंतून ५ अँपिअरांचा स्वतंत्र बीईसी मागविला. तो थेट बॅटरीला जोडला. अशा वेळीं ईएससीकडून रिसीव्हरकडे जाणारी लाल तार अवश्य अलग करून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळावी, कारण एका तारेवर दोन पुरवठे नसावेत. सर्व्होला किती व्होल्ट सोसतात हेंही आधीं वाचून घ्यावें. भाग सातव्या दिवशीं आला, अर्ध्या तासांत बसला, आणि त्याच फटींतून गाडी चाक वळवीत वर आली. रिसीव्हर बदलला असता तर शिल्लक संपली असती व खोड तशीच राहिली असती.

चढावर कट्‌कट् असा आवाज आला तर मोटारीवरचा पिनिअन पाहावा. त्याचा बारीक स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवरच घट्ट बसला पाहिजे, आणि दोन गिअरांमध्यें कागदाच्या पट्टीएवढीच फट असावी.

बॅटरीविषयीं मात्र घरांतील मोठ्यांनीं स्वतः लक्ष घालावें. लिथियमची बॅटरी चुकीच्या रीतीनें भरल्यास किंवा तिला मार बसल्यास पेटते. तिच्याच चार्जरनें, माणूस समोर असतांनाच ती भरावी. फुगलेली बॅटरी पुन्हां वापरूं नये. आणि प्रत्येक कोठा ३.२ व्होल्टांखालीं उतरूं देऊं नये. आमच्या मातोश्रींनीं पहिल्याच दिवशीं सांगितलें, “अरे, हा विस्तव माझ्या देवघराशेजारीं नको.” तेव्हांपासून चार्जिंग ओसरीवर, वाळू घातलेल्या मातीच्या कुंडींत चालतें. गाडी सुरू करतांना आधीं रिमोट व मग गाडी, बंद करतांना आधीं गाडी व मग रिमोट, हा क्रम पाळावा. रिमोट मध्येंच बंद पडला तर गाडी थांबते कीं नाहीं, तेंही चाकें उचलून एकदां तपासावें.

पाऊस सुरू झाल्यावर काळ्या मातीचा प्रश्न उभा राहिला. ओली असतां ती टायरच्या सर्व खांचा भरून टाकते व टायर गुळगुळीत होतो. ती ओलीच घांसण्यापेक्षां वाळूं द्यावी. मग कुंचल्यानें ढलपे सुटतात. बेअरिंगें काढून पुसावीं व तेलाचा एकेक थेंब द्यावा. मुलांचें लक्ष आतां आंस चाकाच्या मध्यापेक्षां उंच ठेवणाऱ्या ‘पोर्टल’ रचनेकडे लागलें आहे. २०१७ सालीं बाजारांत आलेल्या ट्रॅक्सस टीआरएक्स-४ या गाडींत ती आहे, आणि तिच्यामुळें पोटाखालीं अधिक मोकळी जागा मिळते. त्यासाठीं लागणाऱ्या रकमेचा विषय दिवाळीपर्यंत काढावयाचा नाहीं, असें घरांत ठरलें आहे.