सीडी ४४ : एक जनुक, अनेक रूपं

पेशीच्या आवरणातून बाहेर डोकावणारं सीडी ४४ हे प्रथिन कर्करोगाच्या प्रसाराशी जोडलं जातं, पण ते मुळात गुन्हेगार नव्हे. पेशींभोवतीच्या हायलुरोनिक आम्लाला धरून ठेवणं हे त्याचं रोजचं काम. (हो, क्रीमच्या जाहिरातींत मिरवतं तेच आम्ल.) त्याचं जनुक एकच, ११व्या गुणसूत्रावर. पण आरएनए तयार होताना मधले काही तुकडे कधी ठेवले जातात, कधी गाळले जातात. त्यामुळे एकाच जनुकातून आखूड-लांब अशी अनेक प्रथिनं निघतात. या तुकड्यांची नावं अगदीच रुक्ष: व्ही२, व्ही३, व्ही६...

१९९१ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथल्या संशोधकांनी उंदराच्या स्वादुपिंडाच्या कर्करोगातल्या, एरवी न पसरणाऱ्या पेशी घेतल्या आणि त्यांत सीडी ४४चं एक लांब रूप घातलं. तेवढ्यानं त्या पेशी उंदरांच्या शरीरात पसरू लागल्या. पुढे व्ही६ची करामत उलगडली: वाढीचा एक संदेश मेट नावाच्या शेजारच्या ग्राहीपर्यंत पोचवायला ते मदत करतं आणि पेशी जागा सोडते. अर्थात, प्रत्येक कर्करोगात हेच घडतं असं नाही.

मग व्ही६लाच लक्ष्य करून औषध का नको? तेही झालं. बिव्हाटुझुमॅब या प्रतिपिंडाला विषारी रसायन जोडून डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांना दिलं. पण निरोगी त्वचेच्या पेशींवरही व्ही६ असतंच. त्वचा सोलवटून एका रुग्णाचा मृत्यू झाला आणि चाचण्या थांबल्या.