शेजाऱ्याचे माप

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण देवळात अनेकदा ऐकला आहे. पहाटे कामास लागलेल्या मजुरांनी दिवसाकाठी एक दिनार घेण्याचे कबूल केले होते. त्या काळची ती नेहमीची दिवसमजुरी. सायंकाळी पाचच्या सुमारास आलेल्यांच्या हातावरही धन्याने एक दिनार ठेवला आणि पहिल्यांचे समाधान मावळले. त्यांच्या मजुरीतील एक पैही कमी झाली नव्हती. बदलले होते ते केवळ माप. सकाळी त्यांनी आपल्या श्रमाचे मोल कराराने मापले, सायंकाळी ते शेजाऱ्याच्या ओंजळीने मापले.

मनुष्यस्वभावाचे हे मर्म आधुनिक शास्त्रानेही हेरले आहे. १९५४ साली लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने असे मांडले की, जेथे मोजण्याचे दुसरे साधन नसते, तेथे मनुष्य आपली मते व कुवत इतरांशी, विशेषतः आपल्यासारख्याच माणसांशी, ताडून पाहतो. म्हणूनच राजवाड्याचा हेवा आपणांस सहसा वाटत नाही. डोळ्यांत सलतो तो शेजारच्या घराचा नवा मजला. १९९२ सालच्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील खेळाडूंच्या चित्रफिती संशोधकांनी तपासल्या, तेव्हा रौप्यपदक मिळविणाऱ्यांपेक्षा कांस्यपदक मिळविणारे अधिक आनंदी दिसले. दुसऱ्याची दृष्टी हुकलेल्या सुवर्णावर खिळलेली, तर तिसऱ्याची रिकाम्या हाताने परतणाऱ्यांवर!

आपल्या घरांतही हेच घडते. मांडव शेजाऱ्याहून मोठा हवा म्हणून ऋण काढून सण साजरा होतो. लग्न दोन दिवसांत उरकते. कर्ज मात्र नातवंडांच्या प्रथम कम्युनियनपर्यंत पुरते. धाकट्याला ऊठसूट ‘थोरल्याकडे पाहा’ असे बजावणाऱ्या आईबापांनीही सावध असावे. त्यामुळे मूल अभ्यास शिकेलच असे नाही. भावाचा मत्सर मात्र खचित शिकते. योसेफाचा अंगरखा त्याच्या भावांना कसा सहन झाला नाही, हे आपण जाणतोच. याउलट, जकातदाराकडे बोट दाखवून स्वतःस पुण्यवान ठरविणारा परूशी रिकाम्या हृदयाने घरी गेला.

मग तुलना सर्वथा त्याज्य आहे काय? तसे आम्ही म्हणत नाही. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय जायबंदी होऊन अंथरुणास खिळलेल्या इग्नासने संतचरित्रे वाचली, आणि फ्रान्सिस व डॉमिनिक यांनी जे केले ते आपल्यालाही का साधू नये, असा प्रश्न स्वतःस केला. त्या प्रश्नातून एक संत घडला. हेवा म्हणतो, ‘त्याचे जावो’. अनुकरण म्हणते, ‘मलाही लाभो’. दोहोंतील अंतर आपण ओळखावे.

लिझ्यूच्या संत तेरेजाला बालपणी शंका आली की, स्वर्गात सर्वांना सारखे वैभव नसेल, तर काहीजण दुःखी होणार नाहीत काय? तिच्या थोरल्या बहिणीने वडिलांचा मोठा पेला व तेरेजाचे इवलेसे अंगुस्तान पाण्याने भरले आणि विचारले, यांतील अधिक भरलेले कोणते? दोन्ही काठोकाठ भरलेली होती.

आमचे धर्मग्रामातील कुटुंबांस एवढेच सांगणे आहे: रात्री रोझरीनंतर क्षणभर स्तब्ध बसावे आणि कालच्यापेक्षा आज आपल्या वाणीत व वर्तनात किती प्रेम होते, ते पाहावे. नंतर ज्या शेजाऱ्याचा हेवा वाटतो, त्याच्या नावाने एक ‘नमो मरिये’ म्हणावी. ज्याच्यासाठी आपण मनापासून प्रार्थना करतो, त्याचे भाग्य फार दिवस सलत नाही.