रोवणीआधीचे दोन हजार

गडचिरोली जिल्हा आणि चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग हा महाराष्ट्रातील धानाचा मुलूख आहे. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांपासून वैनगंगेपलीकडच्या आरमोरी, कुरखेडा, धानोऱ्यापर्यंत आणि तेथून थेट सिरोंच्यापर्यंत लहान शेतकऱ्याचे वर्ष पावसाच्या एका पिकाभोवती आणि त्याला जोड देणाऱ्या जंगलाभोवती फिरते. या वर्षचक्रात गेल्या काही काळात एका नव्या आवकेची भर पडली आहे, ती म्हणजे सरकारकडून थेट बँक खात्यात जमा होणारी रोख रक्कम. मधल्या कार्यालयांना आणि हातांना वगळून लाभार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात पैसे टाकण्याच्या या पद्धतीला थेट लाभ हस्तांतरण म्हणतात आणि देशात तिची सुरुवात १ जानेवारी २०१३ रोजी झाली. अशा पैशाने कुटुंबाचे काय होते, या प्रश्नाचे उत्तर सहसा रकमेच्या आकड्यात शोधले जाते. परंतु धानपट्ट्यात ती रक्कम कोणत्या महिन्यात येते, कशाच्या मापाने दिली जाते आणि कोणाच्या नावावर पडते, या तीन गोष्टी आकड्याहून अधिक निर्णायक ठरतात.

आकडे तरीही पाहणे आवश्यक आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेतून जमीनधारक शेतकरी कुटुंबाला, म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले यांना मिळून, वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. महाराष्ट्राच्या नमो शेतकरी महासन्मान निधी योजनेने २०२३ पासून त्यात तितक्याच रकमेची भर घातली. जुलै २०२४ पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतून अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील २१ ते ६५ वयाच्या पात्र स्त्रीला दरमहा १,५०० रुपये देऊ केले गेले. धान उत्पादकांसाठी यांखेरीज राज्याची प्रोत्साहनपर रक्कम असते, जिला गावात सगळे बोनसच म्हणतात. २०२३-२४ च्या हंगामासाठी ती हेक्टरी २०,००० रुपये आणि दोन हेक्टरांच्या मर्यादेत होती. दोन एकरांच्या, म्हणजे ०.८ हेक्टरच्या शेतकऱ्याला या दराने बोनसचे १६,००० आणि दोन्ही सन्मान निधींचे १२,००० असे वर्षाला २८,००० रुपये होतात, आणि घरातील स्त्री लाडकी बहीण योजनेत असल्यास आणखी १८,०००. वर्षभर नियमित पगार नसलेल्या घरासाठी ही रक्कम क्षुल्लक नाही.

परंतु हे घर वर्षाचा हिशेब वर्षाच्या शेवटी करत नाही. त्याच्याकडे रोख येण्याचे आणि रोख लागण्याचे महिने निसर्गाने ठरवून दिलेले आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचली जातात, मे महिन्यात तेंदूपत्त्याचा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा हंगाम येतो आणि त्या मजुरीतून पावसाळ्याची तयारी होते. जूनमध्ये पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, टाकायचे म्हणजे बियाणे हवे, जुलैत बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, चिखलणी करायची म्हणजे नांगर किंवा ट्रॅक्टर हवा, खत हवे आणि रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, करणाऱ्या बायांची मजुरी हवी, जी एकदा ठरली की थांबवून ठेवता येत नाही. याच दिवसांत घरातील धानाचा साठा संपत आलेला असतो, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च येतो आणि तापाची साथही येते. उलट हाती पैसा येतो तो कापणी-मळणीनंतर, डिसेंबर-जानेवारीत. या पाच-सहा महिन्यांच्या दरीवरच सावकारी उभी आहे. कृषी केंद्रातील उधारी किंवा दिडीने घेतलेले धान, म्हणजे एक खंडी घेऊन कापणीला दीड खंडी परत करणे, ही त्या दरीची किंमत होय. म्हणून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आलेले दोन हजार आणि सप्टेंबरात आलेले दोन हजार कागदावर सारखे असले तरी बांधीवर सारखे नसतात. पहिले बियाण्या-खताची उधारी टाळतात, दुसरे ती फेडण्यात जातात.

पीएम किसानचे हप्ते एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च अशा चार-चार महिन्यांच्या कालखंडांसाठी आहेत. त्या कालखंडात पैसे नेमके केव्हा पडतील हे शेतकऱ्याला आधी ठाऊक नसते. सतरावा हप्ता १८ जून २०२४ रोजी सुटला, तेव्हा पऱ्हे टाकण्याचे दिवस होते. विसावा हप्ता २ ऑगस्ट २०२५ रोजी सुटला, तेव्हा रोवणीची मजुरी बव्हंशी देऊन झालेली असते. धानाच्या बोनसचेही असेच आहे: त्याची घोषणा बहुधा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात होते आणि रक्कम खात्यात पडेपर्यंत उन्हाळा लागतो. तारखेची ही अनिश्चितता केवळ प्रशासकीय उणीव मानणे चुकीचे आहे, कारण जो पैसा केव्हा येईल हे माहीत नाही, त्याच्या भरवशावर कोणीही सावकाराला नाही म्हणू शकत नाही.

दुसरा प्रश्न मापाचा. गडचिरोली ज्या दोन राज्यांना खेटून आहे, त्यांनी वेगवेगळी मापे निवडली आहेत. प्राणहिता-गोदावरीपलीकडे तेलंगणाने मे २०१८ मध्ये रयतु बंधू योजना सुरू केली. तिच्यात एकरी, प्रत्येक हंगामाला, आधी ४,००० आणि पुढे ५,००० रुपये दिले गेले आणि खरिपाची रक्कम बहुतेक वर्षी जूनमध्ये, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, पोहोचली. मात्र क्षेत्राला कमाल मर्यादा नसल्यामुळे मोठ्या जमीनदाराचा वाटाही मोठा राहिला. पूर्वेला छत्तीसगडने २०२३-२४ च्या खरिपात एकरी २१ क्विंटलपर्यंतचे धान ३,१०० रुपये दराने घेतले; आधारभूत किंमत, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान खरेदी दर, तेव्हा २,१८३ रुपये होता आणि वरचे ९१७ रुपये फरक म्हणून खात्यात गेले. पूर्ण मर्यादेत विक्री करणाऱ्याला त्यातून एकरी १९,२५७ रुपये मिळाले, तर महाराष्ट्रातील बोनस एकरी ८,००० च्या आसपास पडतो. सीमेवरच्या शेतकऱ्याला हा फरक बोचला तर त्यात नवल नाही.

तरीही क्विंटलचे माप विकलेल्या धानालाच ओळखते. एटापल्ली किंवा भामरागडमधील जे माडिया आदिवासी कुटुंब एक-दोन एकरांतले धान मुख्यतः घरच्या खाण्यासाठी ठेवते, त्याला क्विंटलमागे मिळणाऱ्या बोनसचा उपयोग जवळजवळ नसतो. महाराष्ट्रातही पूर्वी बोनस क्विंटलमागेच दिला जात असे आणि शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या अधिकार व पीक नोंदीच्या उताऱ्यावर, व्यापाऱ्याचे धान विकले जाण्याची वाट त्यातून मोकळी होत होती. २०२२-२३ च्या हंगामापासून राज्याने हेक्टरी रक्कम देण्याकडे वळण घेतले, हे लहान शेतकऱ्याच्या बाजूने उचललेले खरे पाऊल होते. बोनसच्या नोंदणीसाठीची पायपीट कमी झाली तर ते आणखी दूर पोहोचेल.

माप कोणतेही असो, रोख दिली की ती दारूत जाते, ही शंका १९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोलीत आणि २०१५ ते २०२१ या काळात ती अनुभवलेल्या चंद्रपुरात हलक्यात घेतली जात नाही, आणि घेऊही नये. परंतु उपलब्ध पुरावा वेगळे सांगतो. सेवा या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये एक प्रयोग केला. त्यात आठ गावांतील प्रत्येक प्रौढाला दरमहा २००, नंतर ३०० रुपये आणि प्रत्येक बालकामागे त्याच्या निम्मी रक्कम बिनशर्त दिली गेली, आणि एका आदिवासी गावातही स्वतंत्रपणे तो राबवला गेला. मद्यावरचा खर्च त्यामुळे वाढला नाही. वाढला तो अन्न, बियाणे, खत आणि जनावरांवरचा. आदिवासी गावात तर लोकांचे दुसऱ्याच्या शेतावरील मजुरीचे दिवस घटून स्वतःच्या शेतातील दिवस वाढले. हा शेवटचा निष्कर्ष धानपट्ट्यासाठी फार मोलाचा आहे, कारण ऐन पावसात पोटासाठी दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जावे लागल्याने स्वतःची रोवणी लांबते आणि लांबलेली रोवणी कमी पिकते.

उरतो नावाचा प्रश्न. सन्मान निधी सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. वारसांचा फेरफार झाला नसेल तर मृत आजोबांच्या नावावरची जमीन कसणारा नातू बाहेर राहतो, आणि ठेक्याने किंवा बटईने कसणारा तर असतोच बाहेर. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात कित्येक शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या जमिनीला अजून पट्टा मागत आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेल्या वैयक्तिक वनपट्ट्याच्या धारकांना सन्मान निधीची वाट खुली आहे, आणि त्या कायद्यानुसार विवाहित धारकाचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. पण सन्मान निधी एका कुटुंबाला एकाच खात्यावर मिळतो आणि ते खाते बहुधा पुरुषाचे असते. स्त्रीच्या खात्यावर स्वतंत्र रक्कम येऊ लागल्याने तेल-मीठ, औषध आणि शाळेचा खर्च मागून घ्यावा लागण्याची तिची वेळ कमी होते, हे लाडकी बहीण योजनेच्या बाजूने ठामपणे म्हणता येते. त्याच वेळी, आधारशी शेवटचे जोडलेले खाते कोणते हे तिला माहीत नसेल, तर पैसे जमा होऊनही सापडत नाहीत, आणि दूरच्या गावातून बँकेत एक फेरी म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी.

भूमिहीन मजुराला यांतील एकही शेतकरी योजना लागू नाही. छत्तीसगडने २०२२ मध्ये भूमिहीन शेतमजूर कुटुंबांसाठी वर्षाला ६,००० रुपयांची स्वतंत्र योजना सुरू करून पुढे ती रक्कम ७,००० केली होती. कोरची किंवा धानोऱ्यातील जी बाई जुलैभर इतरांच्या बांध्यांत रोवणी करते आणि जिच्या घरी सातबारा नाही, तिच्या घराला शेतकरी कुटुंब म्हणून मोजणारी तशी तरतूद महाराष्ट्राने करणे धानपट्ट्याची पहिली गरज आहे.