आफ्रिकन सिक्लिडची पैदास : जात शुद्ध राखाल तर धंदा टिकेल

शोभिवंत माशांच्या अनेक दुकानांत एका टाकीपाशी गिऱ्हाईक हमखास थांबते. पिवळे, निळे, नारिंगी मासे दगडांच्या फटींतून एकमेकांचा पाठलाग करीत असतात आणि काचेवर ‘मिक्स आफ्रिकन’ अशी पट्टी चिकटवलेली असते. हे मासे काटक आहेत, घरच्या टाकीत सहज अंडी देतात. त्यामुळे त्यांची पैदास करून जोडधंदा उभारावा असे होतकरू तरुणांना वाटते. धंदा होण्यासारखा आहे. मात्र त्यात एक मेख आहे. ती समजून न घेता भांडवल घातले तर वर्षभराची मेहनत वाया जाते.

मूळ कोठले?

पूर्व आफ्रिकेतील मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या तीन सरोवरांत सिक्लिड कुळातील शेकडो जाती आढळतात. टाकीत पाळले जाणारे येलो लॅब, रेड झेब्रा, पीकॉक वगैरे मासे मलावी सरोवरातील. हे कूळ आपल्याला अगदीच अनोळखी नाही. उजनीची चिलापी म्हणजे तिलापिया हीदेखील आफ्रिकन सिक्लिडच. मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणली गेली. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते. मलावीच्या या माशांचीही तीच रीत आहे.

पाणी आणि टाकी

मलावीचे पाणी जड आणि अल्कधर्मी असते. सामू, म्हणजे पीएच, साधारण ७.८ ते ८.५ आणि तापमान २४ ते २८ अंश सेल्सियस ठेवावे. ज्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजायला वेळ लागतो, तेच पाणी येथे उपयोगी पडू शकते. वापरण्यापूर्वी ते तपासून घ्यावे. पाणी मऊ असेल तर शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीचे दगड टाकीत घालावेत. प्रवाळ वापरू नये, कारण ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढल्याशिवाय मासे सोडू नयेत.

चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत सुमारे अडीचशे लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन अडीचशे किलो. काच, दगड आणि वाळू वेगळी. तेव्हा स्टँड मजबूत आणि समपातळीत हवा, आणि टाकीखाली थर्माकोल घालावा. काच कापणारे, सुतार आणि वेल्डर यांनाही या धंद्यात काम आहे, ते याचमुळे.

टाकी भरली की लगेच मासे सोडण्याची घाई नको. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. अल्कधर्मी पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो, हे लक्षात ठेवावे.

संगत आणि खाणे

गप्पी, गोल्डफिश किंवा एंजल यांच्याबरोबर हे मासे ठेवू नयेत. ते हद्दीसाठी भांडतात आणि दुबळ्याला मारून टाकतात. दगडांच्या भरपूर कपारी कराव्यात आणि एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्यात, म्हणजे मार एकीवरच पडत नाही. येलो लॅब त्यातल्या त्यात शांत असल्याने नवशिक्याने त्यापासून सुरुवात करावी. खडकांवर राहणाऱ्या बहुतेक जाती शेवाळ खरवडून खातात. त्यांना स्पिरुलिनाचे खाद्य द्यावे. मांस किंवा ट्युबिफेक्स अळ्या वारंवार दिल्यास पोट फुगून मासे मरतात.

पिल्ले कशी मिळवावीत?

गळा फुगलेली आणि खाणे सोडलेली मादी दिसली की तिच्या तोंडात अंडी आहेत असे समजावे. सुमारे तीन आठवडे ती काही खात नाही. तिला तशीच राहू दिल्यास सुटलेली पिल्ले इतर मासे गिळतात. म्हणून पंधरा दिवसांनी, रात्री दिवा मालवून, तिला हलक्या हाताने वेगळ्या टाकीत न्यावे. पिल्ले सोडल्यावर मादीला काही दिवस चांगले खाऊ घालून मगच परत सोडावे. पिल्लांना आर्टेमिया किंवा बारीक पूड द्यावी.

हिशेबासाठी सहा माद्या धरा. वर्षात प्रत्येकीने चार वेळा पंधरा पिल्ले दिली, तर ३६० होतात. त्यातील तिसरा हिस्सा मेला किंवा बाद झाला असे धरले तरी २४० उरतात. विक्रीजोगा आकार यायला पाच-सहा महिने लागतात. तेवढा काळ टाक्या, वीज आणि खाद्य यांचा खर्च अंगावर घ्यावा लागतो.

खरी मेख

या माशांच्या वेगवेगळ्या जातींचा संकर होतो, आणि संकरित पिल्लांनाही पुढे पिल्ले होतात. पीकॉकच्या निरनिराळ्या जातींच्या माद्या सारख्याच करड्या दिसतात. नर त्यांच्यात भेद करीत नाही. येलो लॅब व रेड झेब्रा एकत्र ठेवले तरी संकर होतो. मिक्स टाकीतील पिल्लांचा बाप कोण, हे मालकालाही सांगता येत नाही.

पीकॉकची पिल्लेही लहानपणी करडीच असतात. म्हणजे गिऱ्हाईक मालाची पारख डोळ्यांनी करू शकत नाही, विकणाऱ्याच्या शब्दावर पैसे देते. सहा महिन्यांनी मळकट, धड ना या जातीचे ना त्या, असे मासे निघाले की ते गिऱ्हाईक परत येत नाही. शिवाय आपल्याच साठ्यात एकदा संकर शिरला की पुढच्या पिढ्यांतून तो निवडून काढणे जवळजवळ अशक्य.

म्हणून मिक्स टाकी शोभेपुरती ठेवावी आणि तिच्यातील पिल्ले ‘मिक्स’ म्हणूनच विकावीत. पैदाशीच्या टाकीत एकच जात असावी. जोड दोन ठिकाणांहून आणावी, म्हणजे सगेसंबंध टळतात. कोणती मासळी कोठून, कधी आणली याची वही ठेवावी. लहान वयातच झगझगीत रंग आलेले पीकॉक घेताना सावध राहावे. काही ठिकाणी हार्मोन देऊन रंग आणलेला असतो. असे मासे पैदाशीस निरुपयोगी ठरू शकतात. नको असलेले मासे विहिरीत किंवा नदीत सोडू नयेत. चिलापीने देशी मासळीच्या जागा कशा बळकावल्या, ते सर्वांना ठाऊक आहे.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मासे संवर्धनाचाही समावेश होता. सध्या कोणते अनुदान मिळते आणि नियम काय, याची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी. पण अनुदानाची वाट पाहत बसण्यापेक्षा एक टाकी आणि एकच जात घेऊन सहा महिने हात बसवावा. पहिली पिल्ले नावानिशी, खात्रीने विकली गेली की मगच दुसरी टाकी घ्यावी.