हाडावरून गळून पडणारी रिब हरते

मांस हाडावरून आपोआप गळून पडलं की रिब (बरगडी) जमली, असं घरी रांधणाऱ्या बहुतेकांना वाटतं. अमेरिकेतली कित्येक रेस्टॉरंटंही हेच भूषण म्हणून मिरवतात. बार्बेक्यू स्पर्धेत मात्र अशी रिब मार खाते. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी, म्हणजे केसीबीएस, या १९८५पासूनच्या संस्थेच्या नियमांवर अमेरिकेत ठिकठिकाणी स्पर्धा भरतात. तिचा प्रशिक्षित परीक्षक रिब बोटांत धरून एक चावा घेतो. दात लागले तिथलंच मांस स्वच्छ सुटून यावं आणि बाकीचं हाडाला धरून राहावं, ही अपेक्षा. चाव्यासरशी सगळं मांस उतरून आलं, तर रिब जास्त शिजली आणि गुण कापले गेले.

पहिल्यांदा उतरणाऱ्याला चकवणाऱ्या गोष्टी बऱ्याचशा अशाच असतात: घरी जे वाखाणलं जातं, तेच मैदानात महागात पडतं.

उदाहरणार्थ मॅरिनेशन. मसाला रात्रभर मुरला पाहिजे, हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. पण केसीबीएसच्या स्पर्धेत मांस आधी तपासलं जातं, आणि तोवर ते कच्चं, बिनमसाल्याचं आणि साधारण ४ अंश सेल्सिअसच्या खाली थंड ठेवलेलं असावं लागतं. घरून मसाला लावून आणलेलं चिकन तिथेच बाद. मुरवायचं ते तपासणीनंतर, मैदानावरच. गॅसच्या शेगडीचीही तीच गत. शिजवायला लाकूड, कोळसा किंवा लाकडाच्या गोळ्या एवढंच चालतं. गंमत म्हणजे कोळशाला वारा घालणारा विजेचा पंखा मात्र चालतो, आणि त्याच्या जिवावर कित्येक स्पर्धक रात्री दोन-चार तास डोळा लावून घेतात.

मराठी माणसाला बार्बेक्यू म्हटलं की सळईवरचं पनीर आणि खालचे रसरशीत निखारे दिसतात. इथे निखारा बाजूला राहतो आणि मांस धुराच्या मंद उष्णतेत शिजतं. ब्रिस्केट, म्हणजे बीफच्या छातीचा जाडजूड तुकडा, साधारण १०५ ते १३५ अंशांत अनेक तास ठेवतात. त्यातलं चिवट कोलॅजेन विरघळून जिलेटिन व्हायला तेवढा वेळ लागतो. मध्येच, मांसाचं आतलं तापमान ६५-७० अंशांच्या आसपास गेलं की काटा तासन् तास जागचा हलत नाही. चरबी वितळत असल्यामुळे असं होतं, अशी जुनी समजूत होती. ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवलं, की खरं कारण बाष्पीभवन आहे: घामाने अंग गार पडावं तसं मांस पृष्ठभागावरचा ओलावा उडवत स्वतःला थंड ठेवतं. नवखा इथे घाबरून आच वाढवतो आणि तुकडा कोरडा करून बसतो. जाणता तो फॉइलमध्ये गुंडाळतो. बाष्पीभवन थांबतं आणि काटा पुन्हा चढू लागतो.

कापलेल्या ब्रिस्केटच्या कडेला दिसणारं गुलाबी वलय, स्मोक रिंग, हा तर फोटोंचा लाडका विषय. ते चवीचं प्रमाणपत्र आहे असं मानलं जातं. वस्तुतः जळत्या लाकडातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला चिकटतो आणि तो रंग टिकून राहतो. चवीशी त्याचा संबंध नाही. नायट्राइटयुक्त मीठ चोळून धुराशिवायही तसं वलय आणता येतं. म्हणूनच केसीबीएसच्या परीक्षकांना ते वलय गुणांत धरू नका, असं बजावलेलं असतं.

महागड्या यंत्राबद्दलचा भ्रम हॅरी सू यांनी मोडला. मलेशियात जन्मलेला, कॅलिफोर्नियात आयटीची नोकरी करणारा हा माणूस काहीशे डॉलरच्या वेबर स्मोकी माउंटनवर, म्हणजे कमरेएवढ्या उंचीच्या साध्या कोळशाच्या पिंपावर, रांधून मोठमोठ्या स्पर्धा जिंकत आला. आणि हा पुरुषांचा खेळ असल्याचं कोणी म्हणत असेल, तर मेम्फिसमधल्या सुप्रसिद्ध स्पर्धेची १९७८मधली पहिली विजेती बेसी लू कॅथी होती, आणि २०१० व २०१२मध्ये मेलिसा कुकस्टनने तिथेच सर्वोच्च किताब पटकावला.

परीक्षकांशी ओळख असली की काम होतं, ही कुजबुज इथेही आहेच. पण मांस ज्यातून सादर होतं त्या डब्यावर संघाचं नाव नसतं, आकडा असतो. आणि परीक्षकांपुढे जाण्याआधी तोही बदलला जातो. एका टेबलावर सहाजण. प्रत्येकजण दिसणं, चव आणि मऊपणा यांना नऊपैकी गुण देतो. त्यांतले सर्वांत कमी गुण गळतात. चवीचं वजन सर्वांत जास्त, दिसण्याच्या सुमारे चौपट. सॉस ऐच्छिक आहे, त्यामुळे सगळी भिस्त ‘गुप्त सॉस’वर ठेवून आलेल्याचा हिरमोड होतो.

खरी फजिती डब्यापाशी होते. झाकणाच्या पांढऱ्या डब्यात हिरव्या लेट्यूसचा किंवा कोथिंबीर-पार्स्लीचा बिछाना चालतो, पण सक्ती नाही. लाल कडेचं लेट्यूस ठेवलं की दंड बसतो. तुकडे निदान सहा हवेत. एक कमी पडला, तर ज्याच्या वाट्याला काहीच आलं नाही तो परीक्षक सगळीकडे एक गुण देतो. आत फॉइलचा कपटा किंवा टूथपिक राहिली, तरी गत तीच. शिवाय घड्याळ: साधारणपणे बारा वाजता चिकन, मग अर्ध्या अर्ध्या तासाने रिब्ज, पोर्क आणि ब्रिस्केट. ठरल्या वेळेच्या आधी आणि नंतर पाच-पाच मिनिटांची सवलत. ती उलटली की रात्रभर जागून शिजवलेलं मांस संघानेच खायचं.

चारही पदार्थ एकदम अंगावर घ्यायची गरज नाही. अनेक ठिकाणी हौशी मंडळींसाठी ‘बॅकयार्ड’ नावाचा वेगळा गट असतो. त्यात बहुधा चिकन आणि रिब्जच असतात आणि प्रवेशशुल्कही कमी असतं. केसीबीएसचा परीक्षकांचा वर्गही कोणालाही करता येतो, आणि उतरण्यापूर्वी तो करून टाकणारे स्पर्धक पुष्कळ आहेत. हाडावरून गळून पडणारी रिब का हरते, ते तिथे कळतं.