देणं-घेणं (९) : दुहेरी महिना

कोणतं कर्ज आधी फेडायचं, मोठ्या व्याजाचं की छोट्या रकमेचं, हे आज सांगायचं कबूल केलं होतं. ते राहू द्या. साताऱ्याच्या एका वाचक बाईंचं पत्र आलंय आणि ते वाचल्यापासून दुसरं काही लिहवत नाही.

बाई लिहितात, घरात बसून ठरवलं की यंदा देणी संपवायची. यजमानांनी टपरीवरचा चहा सोडला, मुलाचं रविवारचं बाहेरचं खाणं बंद केलं, वाण्याकडचं खातंही मिटवून सगळं रोखीनं आणायला लागलो. आणि वीस तारखेलाच पाकीट रिकामं! पूर्वी हात सैल होता तेव्हा महिना निघत होता, आता काटकसर करतोय तर निघत नाही. चहा सोडून भागत नसेल तर आणखी काय सोडू?

काहीच सोडू नका. यजमानांना चहाही पिऊ द्या.

कर्जाचा विषय निघाला की बोट लगेच चहाकडे, वडापावकडे, बायकोच्या पार्लरकडे जातं. ही खोड जुनी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यात, सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले. मागणी एकच, कर्जखतं द्या. मिळालेली खतं त्यांनी जाळली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. शेतकरी कर्जात का बुडाला, तर लग्नकार्यात पैसा उडवतो म्हणून, असं तेव्हाचे साहेब लोक सर्रास म्हणत. पण याच दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारनं नेमलेल्या आयोगानं लिहून ठेवलं की लग्नखर्चाच्या कारणाला उगाच फार महत्त्व दिलं जातं, कर्जाचं मूळ सहसा तिथे नसतं. सरकारी अहवालात असं शहाणपण क्वचित सापडतं, म्हणून मला तो आवडतो. चहाचंही तसंच. १५ रुपयांचा चहा, दिवसातून दोनदा, कामाचे २५ दिवस. झाले ७५० रुपये. रक्कम खोटी नाही, पण तिनं या बाईंचा महिना वीस तारखेला संपवलेला नाही. संपवलाय तो पत्रात जाता जाता आलेल्या वाण्याच्या खात्यानं.

खातं म्हणजे काय होतं ते बघा. वाणसामान महिनाभर ‘मांडून ठेवा’ म्हणत आणायचं आणि पगार झाला की चुकतं करायचं. म्हणजे या महिन्याच्या पगारातून आपण मागच्या महिन्यात खाल्लेल्या तुरीच्या डाळीचे पैसे देतो. वर्षानुवर्षं हे चालतं आणि कुणाला खुपत नाही, कारण दर महिन्याला एकाच महिन्याचे पैसे जातात. खुपतं ते थांबवायला गेलं की. ज्या महिन्यात तुम्ही रोखीवर येता, त्या महिन्यात मागचं बिलही द्यायचं असतं आणि चालू सामानही रोखीनं आणायचं असतं. सामान ७,००० रुपयांचं असेल तर १४,००० जातात. मी याला दुहेरी महिना म्हणतो. फेडायचं ठरवलेली किती घरं या एका महिन्यात हरलेली पाहिली आहेत! त्यांना वाटतं आपल्याला जमत नाही, आपल्या हाताला शिस्त नाही. मग पुन्हा खातं उघडतं आणि पुढची दोन वर्षं त्या विषयाचं नाव निघत नाही.

यावर उपाय आहे आणि तो मी एका निवृत्त शाळामास्तरांकडून उचललाय. दुहेरी महिना एका घासात गिळायचा नाही, त्याचे चार तुकडे करायचे. ७,०००चा चौथा हिस्सा १,७५०. पहिल्या महिन्यात दूध, भाजी, अंडी असं १,७५०चं रोखीनं आणायचं, उरलेलं ५,२५०चं खात्यावर. मागचं बिल ७,००० द्यायचंच आहे, तेव्हा खिशातून गेले ८,७५०. दुसऱ्या महिन्यात मागचं बिल ५,२५०वर आलेलं असतं, रोखीचं ३,५०० करायचं. बेरीज पुन्हा ८,७५०. तिसऱ्यात ३,५०० मागचे आणि ५,२५० रोखीचे. चौथ्यात १,७५० मागचे आणि सगळं ७,०००चं सामान रोखीनं. चारही महिने ८,७५०. पाचव्या महिन्यात वहीत तुमच्या नावावर काही नसतं आणि खर्च ७,०००वर येतो. महिन्याला १,७५० जास्तीचे काढणं सोपं नाही, पण ७,००० काढण्यापेक्षा पुष्कळ सोपं. आणि इथे मात्र चहाचे ७५० कामी येऊ शकतात, चार महिन्यांपुरते.

वाण्याला हे आधी सांगावं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. त्याचे ७,००० तुमच्या घरात अडकलेत, ते सुटणार म्हटल्यावर तो नाराज कशाला होईल? मास्तरांच्या सौभाग्यवती दुकानात गेल्या आणि सरळ म्हणाल्या, “शेठ, या महिन्यापासून मांडायचं थोडं थोडं कमी करणार आहोत. रोखीला भावात काही बघाल का?” शेठनी गोडेतेलाच्या डब्यामागे वीस रुपये सोडले. “वहिनी, कोणाला सांगू नका,” एवढं मात्र बजावलं.

या चार महिन्यांत घराच्या सवयी ज्या बदलतात, त्या कुणी ठरवून बदललेल्या नसतात. खात्यावर घेताना आपण भाव विचारत नाही. विचारायला संकोच वाटतो. ज्याचं देणं आहे त्याच्याशी घासाघीस कशी करायची? रोख पैसे हातात असले की तोंडातून आपोआप ‘कशी दिली?’ निघतं. दुसरं, खातं असलं की दुकान बदलता येत नाही. समोरच्या दुकानात शेंगदाणे किलोमागे दहा रुपयांनी स्वस्त असले तरी तिथली पिशवी घेऊन आपल्या वाण्याच्या दारावरून जायची हिंमत होत नाही. आमच्या आळीतल्या एक काकू अशी पिशवी पदराखाली धरून मागच्या बोळानं घरी यायच्या. खातं मिटल्यावर त्या हमरस्त्यानं, पिशवी हलवत यायला लागल्या.

तिसरा बदल पोरांचा. ‘जा, पावशेर रवा आण, खात्यावर मांडायला सांग’ म्हटलं की रव्याबरोबर बिस्किटाचा पुडा हमखास यायचा आणि तो महिनाअखेरीस वहीतच दिसायचा. पन्नासाची नोट देऊन पाठवलं की पोरगं उरलेली चिल्लर घेऊन येतं, नाहीतर ‘पाच रुपयांचं चॉकलेट घेऊ का?’ म्हणून आधी विचारतं. आपण बहुतेक वेळा हो म्हणतो. म्हणा की. विचारणं सुरू झालं, हे पुष्कळ आहे.

आता क्रेडिट कार्ड. माझ्या मते इथे बहुतेकांची समजूत नेमकी उलटी असते. वाण्याचं खातं एका फटक्यात बंद करावं आणि कार्ड हळूहळू सोडावं, असं लोक धरून चालतात. खरं तर वाण्याचं हळूहळू आणि कार्डाचं एका दिवसात.

कारण हिशेबात आहे. समजा कार्डावर ६०,००० थकलेत, दर महिन्याला साडेतीन टक्के. व्याज २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, एकूण २,४७८. तुम्ही निश्चयानं महिन्याला १२,००० भरता आणि घरचं ९,०००चं सामान त्याच कार्डावर घेता. १२,००० भरल्याचं समाधान मोठं, पण ९,००० परत चढले, २,४७८ व्याजात गेले, कमी झाले अवघे ५२२. शिवाय मागची बाकी पूर्ण चुकती नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज आणलेल्या साखरेवर आजपासून व्याज. ही अट रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कार्ड कंपनीनं ग्राहकाला स्पष्ट सांगायची असते. सांगतात, बारीक अक्षरांत.

यात दुहेरी महिना कुठे आहे? नाहीच. ते १२,००० तुम्ही देतच होतात. त्यातले ९,००० सामानासाठी बाजूला काढा, ३,००० कार्डावर वेळेत भरा (किमान रक्कम बाकीच्या पाच टक्के धरली तर ती तेवढीच येते) आणि कार्ड कपाटात ठेवा. खिशावर एका रुपयाचाही जादा भार नाही. बाकी पूर्वीइतकीच, पाचशेच्या आसपास उतरेल. पण आता ते दिसेल. पूर्वी १२,००० भरून बाकी जवळपास हलत नव्हती आणि दोष कुणाला द्यायचा हे कळत नव्हतं. आता ३,०००मधले अडीच हजार व्याज खातंय, हे स्वच्छ समोर येतं, आणि पुढच्या महिन्यात ३,०००चे ४,००० कसे करायचे याचा विचार माणूस आपणहून करायला लागतो. वर टाकलेला प्रत्येक रुपया थेट मुदलातून कमी होतो.

कपाटात ठेवा म्हटलं खरं, पण सप्टेंबर २०२२पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. कार्ड कपाटात आणि त्याची उधारी फोनमध्ये, असं होऊ शकतं. भाजीवाल्यापुढचा कोड स्कॅन करताना पैसे बँकेच्या खात्यातून जातायत की कार्डातून, हे घाईत बघतं कोण? फोनमधली ती जोडणी आधी काढून टाका.

कार्डानं हात सैल होतो, याचा एक प्रयोग मला फार आवडतो. ड्रेझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या एमआयटीतल्या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली मागवली. निम्म्यांना सांगितलं पैसे रोख द्यावे लागतील, निम्म्यांना सांगितलं कार्डानं. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. २००१ साली हा निबंध छापून आला. विद्यार्थी व्यवस्थापनाचे होते, म्हणजे हिशेब शिकणारेच! आपल्याकडचा यूपीआय या दोन्हींच्या मधला कुठलासा प्राणी आहे. पैसे त्याच क्षणी जातात, पण हातातून काही सुटल्यासारखं वाटत नाही. म्हणून फेडीच्या पहिल्या काही महिन्यांत निदान भाजी आणि किराणा तरी नोटांनी आणावा, असा माझा हट्ट आहे. घरातली तरुण मंडळी हसतात. हसू देत.

साताऱ्याच्या बाईंनी खातं तर बंद केलंच आहे, दुहेरी महिनाही भोगून झालाय. त्यांनी आता वाण्याकडे परत जायचं कारण नाही. पुढचा महिना आपोआप एकेरी होणार आहे आणि त्यांच्या हातात पैसे उरलेले दिसतील. ज्यांनी चार तुकड्यांचा रस्ता धरला, त्यांचेही पाचव्या महिन्यापासून १,७५० मोकळे होतील. ते कार्डावर टाकायचे, पतसंस्थेच्या कर्जात भरायचे की जामीनदार झालेल्या मेहुण्याचा जीव आधी सोडवायचा, हा मूळचा प्रश्न आता पुढच्या आठवड्यात. जामीनदारांची पत्रं बरीच आली आहेत, त्यामुळे सुरुवात बहुधा मेहुण्यापासूनच होईल.