परक्या सभागृहातील पडद्यास लॅपटॉप जोडताना

केंद्राची शिक्षण परिषद असो, पालकसभा असो किंवा शालेय प्रदर्शन असो, आपल्या लॅपटॉपवरील पाठ, चित्रे वा चित्रफीत दुसऱ्या ठिकाणच्या सभागृहात दाखविण्याचा प्रसंग प्राथमिक शिक्षकांवर आता वारंवार येतो. स्वतःच्या वर्गात रोज बिनबोभाट चालणारा लॅपटॉप तेथे मात्र ऐन वेळी पडद्यावर चित्र देत नाही, असा अनुभव पुष्कळांस आलेला आहे. पंधरा-वीस मिनिटे खटपटीत जातात, जमलेली मंडळी चुळबुळू लागतात आणि परिश्रमपूर्वक तयार केलेला पाठ तोंडी सांगून उरकावा लागतो. याहूनही मोठी हानी अशी की, एकदा फजिती झालेला शिक्षक ते साधन पुन्हा हाती घेण्यास सहसा धजत नाही.

वस्तुतः अशा वेळी यंत्र बिघडलेले क्वचितच असते. बहुधा पोर्ट, मार्गाची निवड व चित्राचे माप या तीन गोष्टींपैकी एखादी जुळलेली नसते. म्हणून या तिन्हींचा क्रमाने विचार करू.

१. पोर्ट : जुन्या सभागृहांतून व्हीजीए केबल आढळते. ही पद्धत १९८७ साली प्रचारात आली. तिच्या तोंडाशी तीन ओळींत १५ पिनांची जागा असून दोन्ही बाजूंस स्क्रू असतात. तिच्यातून केवळ चित्र जाते, ध्वनी जात नाही. एचडीएमआयची पहिली आवृत्ती २००२ साली निघाली. तिचे तोंड चपटे असून चित्र व ध्वनी दोन्ही एकाच केबलमधून जातात. अलीकडच्या पातळ लॅपटॉपांना पुष्कळदा केवळ टाइप-सी पोर्ट असतात. परंतु प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडतेच असे नाही; काही पोर्ट फक्त वीज व माहिती यांच्या देवघेवीसाठी असतात. आपल्या लॅपटॉपचा पोर्ट कोणत्या प्रकारचा आहे, याची खात्री शाळेतच करून घ्यावी.

तोंडे भिन्न असल्यास ॲडॅप्टर लागतो. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी : असे ॲडॅप्टर बहुधा एकाच दिशेने काम करतात. एचडीएमआय चित्र अंकरूपाने नेते, तर व्हीजीए ते कमीजास्त होणाऱ्या विद्युत्दाबाच्या रूपाने नेते. एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर करणारे छोटे मंडल ॲडॅप्टरच्या पोटात असते, आणि ते उलट चालत नाही. लॅपटॉपला एचडीएमआय व सभागृहात व्हीजीए असेल, तर ‘एचडीएमआयमधून व्हीजीएकडे’ जाणारा ॲडॅप्टरच मागावा. उलट दिशेचा ॲडॅप्टर दिसण्यात जवळजवळ तसाच असतो. पण त्याचा उपयोग होत नाही.

२. मार्गाची निवड : केबल बसली म्हणजे काम झाले असे नव्हे. प्रोजेक्टरला अनेक पोर्ट असतात व तो एका वेळी एकाच मार्गाने येणारे चित्र दाखवितो. पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे उमटल्यास घाबरू नये. प्रोजेक्टर चालू आहे, केवळ निवडलेल्या मार्गाने त्याच्याकडे काही पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रिमोटवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ हे बटण दाबून योग्य मार्ग निवडावा.

लॅपटॉपच्या बाजूसही निवड करावी लागते. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर विंडोजची कळ दाबून ठेवून ‘पी’ दाबले असता चार पर्याय दिसतात. त्यांपैकी ‘डुप्लिकेट’ निवडल्यास दोन्हीकडे एकच चित्र दिसते, व आपल्या कामास तेच सोयीचे. लॅपटॉपवर पाठ उघडलेला आहे पण सभागृहातील पडद्यावर नुसतीच पार्श्वभूमी दिसते, असे झाल्यास ‘एक्स्टेंड’ हा पर्याय निवडला गेला आहे असे समजावे.

३. चित्राचे माप : आपण कोणत्या मापाचे चित्र दाखवू शकतो, हे प्रोजेक्टर त्याच केबलमधून लॅपटॉपला कळवीत असतो. केबल फार लांब असेल किंवा मध्ये एखादी पेटी असेल, तर हा निरोप कधी कधी पोहोचत नाही, आणि लॅपटॉप न पेलणारे माप धाडतो. मग पडदा काळा राहतो किंवा चित्र थरथरते. अशा वेळी डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन १०२४ × ७६८ हे माप निवडून पाहावे. जुन्या प्रोजेक्टरांपैकी अनेकांचे ते मूळ माप आहे. रुंद पडद्यासाठी केलेला पाठ अशा प्रोजेक्टरवर दाखविताना वर व खाली काळे पट्टे दिसल्यास तो दोष समजू नये.

४. ध्वनी : एचडीएमआय जोडताच ध्वनी पुष्कळदा प्रोजेक्टरकडे जातो, व छताजवळच्या त्या लहानशा स्पीकरचा आवाज मागील रांगेपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा लॅपटॉपच्या पडद्यावरील कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावरून ध्वनीचा मार्ग बदलावा आणि हेडफोनच्या छिद्रातून वेगळी केबल सभागृहाच्या ॲम्प्लिफायरला जोडावी. व्हीजीए असल्यास ही केबल लागतेच. स्पीकरमधून सतत घुमल्यासारखा आवाज आल्यास लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. आवाज थांबला, तर कार्यक्रम बॅटरीवर पार पाडावा व अर्थिंगची तपासणी जाणत्या वायरमनकडून करवून घ्यावी. घुमणे थांबविण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय कोणी सुचविल्यास तो कदापि करू नये. ती पिन जीवाच्या रक्षणासाठी आहे.

५. पूर्वतयारी : आदल्या दिवशी सभागृहाची व्यवस्था पाहणाऱ्यास चार प्रश्न विचारावेत. केबल कोणती आहे? ती व्यासपीठापर्यंत पोहोचते काय? रिमोट कोणाकडे असतो? ध्वनीची सोय कोणती? प्रत्यक्ष दिवशी अर्धा तास आधी जावे, जोडणी करावी व शेवटच्या रांगेत बसून अक्षरे वाचता येतात की नाही ते पाहावे. चित्रफीत इंटरनेटवर विसंबून न ठेवता लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यावी, आणि तिची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. अनेक टीव्ही पेनड्राइव्हवरील चित्रफीत थेट दाखवू शकतात. अडचण आलीच, तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. चार गोष्टी एकदम बदलल्या म्हणजे मूळ दोष कोणता होता हे कधीच कळत नाही.

काम संपल्यावर दिव्याचा प्रोजेक्टर त्याच्याच बटणाने बंद करावा, व पंखा थांबेपर्यंत भिंतीवरील खटका बंद करू नये. ज्या केबल काढल्या असतील, त्या होत्या तशा पुन्हा लावाव्यात. आपल्यामागून येणाऱ्या वक्त्याचीही सोय पाहणे हे आपले कर्तव्य होय.

वरील क्रम एका कार्डावर उतरवून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवावा आणि शाळेतील टीव्हीवर एकदोन वेळा त्याचा सराव करावा. यात तंत्रज्ञाची विद्या लागत नाही. आपण मुलांना गणित पायरीपायरीने सोडविण्यास शिकवितो, तीच शिस्त येथे पाळावयाची आहे. ती पाळल्यास सभेचा वेळ व शिक्षकाचा आत्मविश्वास दोन्ही वाचतील, आणि मुलांसाठी केलेले काम चार लोकांच्या दृष्टीस पडेल.